पासिंग आधी, इंजिन मागाहून

पत्र : अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे; बारा यंत्रमाग आहेत आणि हिशेब मी पाहते. आजवर सगळा माल भाड्याच्या टेम्पोने जात होता. आता स्वतःची पिकअप घ्यायचे ठरले आहे. आठवड्यातून एकदा सुताची वीस पोती येतात, पोते साधारण पन्नास किलोचे. तयार टॉवेल रोज ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवावे लागतात आणि आठवड्याला एक खेप तुळजापूर किंवा पंढरपूरच्या दुकानदारांकडे असते. महिन्याचे मिळून १,२०० किलोमीटर होतात. माझे मन दीड लिटर इंजिनाच्या, १,३०० किलो पासिंगच्या, म्हणजे तेवढा माल नेण्याची परवानगी असलेल्या, गाडीवर आहे. धाकटे दीर मात्र अडीच लिटर इंजिनाच्या, १,७०० किलो पासिंगच्या गाडीसाठी अडून बसले आहेत. दोन्ही कोटेशनमध्ये १ लाख ९० हजारांचा फरक आहे. दीरांचे म्हणणे असे की लहान इंजिन तुळजापूरच्या घाटात दम टाकेल, तीन वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येईल, आणि मोठी गाडी असली तर कांद्याच्या हंगामात बाहेरचे भाडेही मारता येईल. सासूबाई म्हणाल्या, आपसात वाद घालू नका, जाणत्याला विचारा. म्हणून हे पत्र. – एक वाचक, सोलापूर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात इंजिनाचा आकार आहे, किमतीतला फरक आहे आणि, विशेष म्हणजे, पोत्यांची संख्या व वजनही आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत ही शेवटची गोष्ट नसते. गाडी कोणती घ्यावी हे विचारणारे पुष्कळ असतात, पण गाडीत काय भरणार आहात असे उलट विचारले की ‘सगळंच’ एवढेच उत्तर येते. तुम्ही वजन लिहिले असल्यामुळे मला आडपडदा न ठेवता उत्तर देता येते : तुमच्या कामाला दीड लिटरचे इंजिन पुरेसे आहे आणि तुम्ही तीच गाडी घ्यावी. दीरांची शंका मात्र उगीच काढलेली नाही. तिच्यामागे घाटाचा आणि भाड्याच्या टेम्पोंचा अनुभव दिसतो, म्हणून ती नीट सोडवूनच पुढे जाऊ.

आधी ‘मोठे इंजिन’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे इंजिनाचा मोठेपणा सीसीवर मोजायची सवय आहे आणि जुन्या, टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंखा) नसलेल्या डिझेल गाड्यांच्या काळात ती बऱ्याच अंशी बरोबरही होती. आता ती पुरत नाही. बोलेरो पिकअपचे इंजिन २,५२३ सीसीचे आहे आणि १,३०० किलोच्या मॉडेलमध्ये त्याची ओढ, म्हणजे टॉर्क, माहितीपत्रकात २०० न्यूटन-मीटर दिलेली असते. टाटा इंट्रा व्ही-५० चे इंजिन १,४९६ सीसीचे, म्हणजे हजार सीसीने लहान, आणि त्याची ओढ २२० न्यूटन-मीटर. त्याच १,४९६ सीसीचे इंट्रा व्ही-३० मधले इंजिन मात्र १४० न्यूटन-मीटरच देते. म्हणजे एकाच आकाराच्या इंजिनांत ओढीचा इतका फरक पडतो आणि लहान आकाराचे इंजिन मोठ्याच्या पुढेही जाते. टर्बो किती दाबाने हवा भरतो आणि डिझेल कशा रीतीने फवारले जाते यावर हे ठरते. यावरून कोणती गाडी चांगली आणि कोणती वाईट असा अर्थ मात्र काढू नका. मोठ्या आकाराचे इंजिन कमी फेऱ्यांवर शांतपणे ओढते आणि गिअर कमी बदलावे लागतात, हा त्याचा खरा गुण आहे. दिवसभर भरलेली गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला त्याची किंमत कळते. सांगायचे इतकेच की ‘अडीच लिटर’ आणि ‘दीड लिटर’ हे आकडे समोरासमोर ठेवून निर्णय होत नाही. दीरांना दोन्ही माहितीपत्रकांतला टॉर्कचा आकडा आणि तो किती आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ही ओळ वाचायला सांगा. घाटात गाडी त्या ओळीवर चढते.

आता घाटाविषयी. सोलापूर जिल्हा बहुतेक सपाट आहे. पंढरपूरला जा, मोहोळ-टेंभुर्णीवरून पुण्याच्या दिशेने जा, नाहीतर मंगळवेढा-सांगोल्याकडे. इंजिनाचा खरा कस लागावा असा चढ वाटेत नाही. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर आहे, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या रस्त्यांवरचा एकमेव गंभीर चढ तोच. आणि त्या खेपेला गाडीत काय असते? टॉवेल. टॉवेलचे गठ्ठे हौदा काठोकाठ भरतात, वर ताडपत्री ताणून दोर आवळावे लागतात, लांबून पाहणाऱ्याला गाडी ओव्हरलोड वाटते, आणि काट्यावर नेली तर माल सहाशे-सातशे किलोच्या आसपास निघतो. तुमचा माल वजनाने भरण्याआधी जागेने भरतो. म्हणून तुमच्यासाठी हौद्याची लांबी इंजिनापेक्षा महत्त्वाची आहे, आणि शोरूममध्ये जाताना मेजरिंग टेप न विसरता न्या. जड माल एकच, सूत. वीस पोती म्हणजे एक टन, तेही शहरातल्या शहरात, सपाट रस्त्यावर, आठवड्यातून एकदा. १,३०० किलो पासिंगच्या गाडीला हे काम सहज झेपणारे आहे. बाजारात आठशे सीसीच्या, दोन सिलिंडरच्या, एक टन पासिंगच्या गाड्याही आहेत. त्या तुम्ही विचारात घेतल्या नाहीत ते योग्य झाले, कारण सुताच्या दिवशी तुम्ही नेमक्या काठावर आला असता आणि काठावर चालणारी गाडी लवकर थकते.

घाटात दम टाकणारी गाडी मी स्वतः अनुभवली आहे. पुष्कळ वर्षे झाली. मे महिना होता, दुपारची वेळ होती. भाड्याने घेतलेल्या एका लहान टेम्पोत आम्ही चादरींचे गठ्ठे भरले आणि जाताच आहोत म्हणून वरून फरशीच्या लाद्याही टाकल्या. सपाटीवर गाडी बरी चालली. तुळजापूरच्या चढाला लागल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ती रडू लागली आणि पहिला टाकेपर्यंत थांबलीच. ड्रायव्हरने अर्ध्या क्लचवर तीन-चारदा उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा आधी जळक्या रबरासारखा आणि मग कडवट असा क्लच प्लेटचा वास केबिनमध्ये भरला. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मी उतरून मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. दगड उन्हाने इतके तापले होते की पंच्याने धरावे लागले. लाद्या उतरवून रस्त्याच्या कडेला रचल्यावर तीच गाडी, त्याच इंजिनावर, निमूटपणे वर गेली. त्या दिवशी मीही इंजिनालाच नावे ठेवली होती. नंतर लाद्यांचा हिशेब केला तेव्हा आम्ही पासिंगच्या जवळजवळ दीडपट माल घातला होता हे लक्षात आले. त्या जागी मोठ्या इंजिनाची गाडी असती तर ती कदाचित चढली असती, पण उतारावर तितक्याच ओझ्याला ब्रेकने थांबवावे लागले असते. मला आजही त्याची धास्ती वाटते.

कारण इंजिन एकटे नसते, ताई. पासिंगचा आकडा ठरतो तो चॅसिस, मागचा आस, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर आणि ब्रेक मिळून. इंजिनाची ताकद वाढली म्हणून पासिंग वाढत नाही. मोठ्या इंजिनाचा एक तोटा मी वारंवार पाहिला आहे : गाडी ओढते आहे म्हणून मालक आणखी दोन पोती टाकतो, मग आणखी दोन, आणि एक दिवस पाटा तुटतो किंवा टायर फुटतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दीरांना आणखी एक गोष्ट अवश्य सांगा, कारण ती शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर अशा मालवाहू गाडीला कायद्याच्या कलम ६६ मधील सवलतीनुसार परमिट लागत नाही. दीड लिटर वर्गातल्या बहुतेक गाड्यांचे एकूण वजन याच्या आत बसते. १,७०० किलो पासिंगची पिकअप मात्र ही मर्यादा ओलांडते. तिला परमिट काढावे लागते, त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि कर्नाटक-तेलंगणाची हद्द ओलांडायची असेल तर त्या राज्यांसाठीची तजवीजही करावी लागते. सोलापूरहून विजापूर, कलबुर्गी हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न लवकर दारात येतो. ज्याचा धंदाच वाहतुकीचा आहे त्याला परमिटचे ओझे वाटत नाही. पण टॉवेल विणणाऱ्याने मागावरचे लक्ष काढून कागदपत्रांमागे फिरावे का, याचा विचार घरात बसून करावा. विम्यात मात्र फारसे अंतर पडणार नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतच्या मालवाहू गाड्यांना एकच आहे. फरक पडेल तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, कारण तो गाडीच्या किमतीवर ठरतो.

आता पैशाचा हिशेब मांडतो. तुम्ही तो माझ्यापेक्षा नीट तपासाल याची खात्री आहे. कर्ज पाच वर्षांचे आणि व्याज दहा टक्के धरले तर एका लाखामागे महिन्याचा हप्ता सुमारे २,१२५ रुपये होतो. म्हणजे १ लाख ९० हजारांच्या फरकाचा हप्ता चार हजारांच्या थोडा वर. दीड लिटरच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज १७ आणि अडीच लिटरच्या गाडीचे १३ धरू, कारण तुमच्यासारख्या कामात, परतीला गाडी रिकामी असताना, एवढा फरक मला वाजवी वाटतो. १,२०० किलोमीटरला एकीला सुमारे ७० लिटर आणि दुसरीला ९२ लिटर डिझेल लागेल. बावीस लिटर, नव्वद रुपये दराने, म्हणजे जवळपास दोन हजार. हप्ता आणि डिझेल मिळून महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२ हजार. टायर, पाटे, ऑइल यांचा जादा खर्च मी धरलेलाच नाही.

‘लहान इंजिन भरल्या गाडीत जास्तच डिझेल पिते’ असे दीर म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. डिझेल मुख्यतः होणाऱ्या कामावर जळते. पूर्ण भरलेली गाडी त्याच वेगाने नेताना लहान इंजिनाला पूर्ण जोर लावावा लागतो आणि दोघींमधले अंतर पुष्कळ कमी होते. पण मोठ्या इंजिनाला स्वतःलाच फिरवायला, त्याच्या जड पिस्टनांच्या आणि बेअरिंगच्या घर्षणावर, गाडी रिकामी असो की भरलेली, रोजच काही डिझेल द्यावे लागते. जो रोज दीड टन नेतो आणि परतीलाही माल आणतो, त्याला हे जाणवत नाही. तुमची गाडी निम्मा वेळ रिकामी आणि उरलेला वेळ अर्धी भरलेली असणार. तुम्ही ते डिझेल फुकट जाळाल.

राहता राहिले कांद्याचे भाडे. सोलापूरच्या बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रात्रभर रांग लागते आणि त्या दिवसांत पिकअपवाल्याला काम शोधावे लागत नाही, हे दीर बरोबर सांगतात. मात्र हिशेब असा करायला हवा की कांदा तुमची लहान गाडीही नेऊ शकते. तेराशे किलो म्हणजे पन्नास किलोची २६ पोती. सतराशे किलो म्हणजे ३४. मोठ्या गाडीची खरी जादा कमाई म्हणजे या आठ पोत्यांचे भाडे, बाकीचे दोघींनाही सारखेच. एका पोत्याला चाळीस रुपये भाडे धरून चला, तर एका खेपेला जादा मिळाले ३२० रुपये. वर्षाचे ७२ हजार भरून काढायला २२५ खेपा लागतील. हंगाम चार महिन्यांचा धरला तर रोज जवळजवळ दोन खेपा, एकही खाडा न करता, आणि त्या काळात कारखान्याचे टॉवेल कोण नेणार? तुमच्याकडच्या भाड्याचा खरा दर दीरांना माहीत असेल. चाळीसच्या जागी तो आकडा घालून त्यांनी स्वतः गणित मांडावे. त्यांना कारखान्यापासून वेगळा, स्वतःचा वाहतुकीचा धंदा उभा करायचा असेल, रोज दोन खेपा मारायची तयारी आणि दुसरा ड्रायव्हर असेल, तर मोठी गाडी त्यांच्यासाठी योग्यच ठरेल. पण मग ती त्यांच्या धंद्याची गाडी म्हणून, त्यांच्या हिशेबाने घ्यावी. टॉवेलच्या नफ्यातून तिचा हप्ता जाऊ नये.

मोठे इंजिन कोणी घ्यावे हेही सांगतो, म्हणजे मी त्याच्या विरोधात आहे असे वाटणार नाही. खडी, सिमेंट, लोखंड, पाण्याच्या टाक्या अशा वजनदार मालाच्या रोज खेपा असतील, तर तेच घ्यावे. माल घेऊन नेहमी चढावर जायचे असेल, तरीही. इथे एक बारकावा आहे. सांगोल्याचे डाळिंब घेऊन वाशीला जाणारी गाडी खंडाळ्याच्या घाटात भरलेली उतरते आणि बहुधा रिकामी किंवा हलकी चढते. तिला ताकदीपेक्षा ब्रेक आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा धरलेला आवर जास्त उपयोगी पडतो. वेगासाठी मोठे इंजिन घेणे तर व्यर्थच आहे, कारण चौपदरी महामार्गावरही मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि भरलेली दीड लिटरची गाडी तेवढा वेग सहज गाठते.

तीन वर्षांत इंजिन मोठ्या दुरुस्तीला येईल ही दीरांची भीती उरते. इंजिन लहान आहे म्हणून झिजत नाही. ते सतत शेवटच्या जोरावर चालवले, तापवले किंवा ऑइल वेळेवर बदलले नाही तर झिजते. तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. गाडी मागाच्या शेडजवळ उभी राहणार. शेडमधला सुताचा तूस हवेबरोबर उडतो, रेडिएटरच्या जाळीवर आणि एअर फिल्टरमध्ये बसतो, आणि त्यावर धूळ चढली की नमद्यासारखा थर तयार होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, अशा जाळीमागचे कोणतेही इंजिन तापेल, दीड लिटरचे असो की अडीचचे. दर आठवड्याला जाळी मागच्या बाजूने हवा मारून साफ करायला ड्रायव्हरला सांगा, आणि फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधी पाहत जा. घाट चढून वर आल्यावर लगेच चावी फिरवू नये, मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवावे. टर्बोला तेवढी विश्रांती लागते. दुसरे, बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांनुसार बनलेल्या, डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. रोज दोन-दोन किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ तुंबतो. तुमची तुळजापूर-पंढरपूरची खेप त्या दृष्टीने फार उपयोगाची आहे. ती याच गाडीने करा, भाड्याच्या गाडीवर टाकू नका.

घेण्याआधी डीलरकडे भरल्या गाडीची चाचणी मागा. रिकामी गाडी शोरूमभोवती फिरवून काहीही कळत नाही. सुताची वीस पोती हौद्यात भरा, स्टिअरिंगवर दीरांना बसवा, शेजारी तुम्ही बसा, आणि तुळजापूरच्या चढावर मध्येच, रस्ता मोकळा पाहून, कडेला गाडी थांबवा. हँडब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये ती पुन्हा उचलायला सांगा. ती क्लचचा वास न येता, मागे न घसरता निघाली आणि दुसऱ्या गिअरमध्ये सहज वर गेली, तर दीरांच्या शंकेचे उत्तर त्यांच्याच हाताने मिळेल. नाही निघाली, तर त्याच आकाराचे पण जास्त टॉर्कचे मॉडेल मागा. अडीच लिटरपर्यंत जायची गरज तरीही पडणार नाही. डीलर टाळाटाळ करू लागला तर दुसऱ्या डीलरकडे जा.

गाडी घरी आली की हौद्याला लोखंडी जाळी, वरचे पाइप, मागचे जादा बंपर हे सगळे बसवून घ्याल, सगळेच बसवतात. ते काम झाल्यावर गाडी एकदा रिकामी काट्यावर न्या. आरसीवरच्या एकूण वजनातून काट्यावरचे वजन वजा करा आणि जो आकडा येईल तोच तुमचा खरा पासिंगचा आकडा समजा. तो १,३०० पेक्षा शंभर-सव्वाशे किलोंनी कमी असू शकतो. काट्याची चिठ्ठी आरसीबरोबर ठेवा आणि पोती मोजणाऱ्या हमालालाही तो आकडा तोंडपाठ करून द्या.